गेटवरचा माणूस रात्री कुठे झोपतो?

कोविडच्या दोन वर्षांत ऑफिसांच्या राखणदारीचं काय झालं, यावर गेल्या अंकात मी थोडं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: १९९३ मध्ये लोअर परळच्या एका गिरणीच्या गेटवर बायकांची झडती घ्यायला मी लागले. गिरणी गेली, त्याच आवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथूनच २०२२ मध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. माझं शिक्षण गेटवरच झालं आहे, तेव्हा उत्तरंही गेटवरूनच देते.

प्रश्न: ताई, मी गोरेगावच्या एका कंपनीत अ‍ॅडमिन बघतो. पुन्हा साथ आली तर काय करायचं, याचा आराखडा आमच्याकडे मागितला आहे. सुरक्षेच्या पानावर मी लिहिलं, ‘कर्मचारी घरून काम करणार असल्याने कार्यालयातील सुरक्षेचा धोका कमी राहील.’ साहेबांनी तसंच मंजूर केलं. मला मात्र ते खटकतंय. चुकलं का?
– एक वाचक, गोरेगाव

दादा, ते वाक्य आजच खोडा. खटकलं हे बरंच झालं.

भरलेल्या ऑफिसची अर्धी राखण तिथे काम करणारी माणसंच करत असतात, पगाराशिवाय. एसीतून पाणी टपकलं की खाली बसणारी मुलगी ओरडते. अनोळखी माणूस खुर्चीवर दिसला की प्यून हटकतो. जळकट वास आला की पाचजण माना वर करतात. माणसं घरी गेली की ही राखण त्यांच्याबरोबर घरी जाते. मागे राहतो एक गार्ड, एक टॉर्च आणि सहा मजले.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, आठवत असेल. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या कंपनीला मॅग्नेटिक लॉक होतं. ते विजेवर धरून राहतं आणि वीज गेली की सुटतं. तसंच असायला हवं, नाहीतर आगीत माणसं आत अडकतील. वीज नसतानाच्या वेळासाठी त्याला बॅटरी असते. त्या बॅटरीकडे मार्चपासून कोणी बघितलं नव्हतं. मी जिन्याने वर गेले आणि दाराला नुसता हात लावला, तर ते उघडलं. आत कॉम्प्युटर, उघडं कपाट, ड्रॉवरमध्ये कोऱ्या चेकचं पुस्तक. कॅमेरेही बंद. वीज येईपर्यंत त्या दारात खुर्ची टाकून मी एका गार्डला बसवला. दुसरं काही हाताशी नव्हतं. त्या दिवशी कोणी चोर आला नाही, हे आमचं नशीब.

त्यानंतर आम्ही राउंडची वहीच बदलली. आधी गार्ड फक्त ‘सर्व ठीक’ लिहायचा. आता त्याने आकडा किंवा वस्तू लिहायची: फायर पॅनलवर कोणता दिवा लागला आहे, सर्व्हर रूमचं तापमान किती, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही, पाणी कुठे साचलंय. दर सोमवारी लॉकच्या बॅटऱ्या आणि आगीचा पंप चालवून बघायचा. फायरच्या यंत्रणेची तपासणी करून जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. साथ आहे म्हणून आग थांबत नाही. भांडुपच्या मॉलमधलं हॉस्पिटल मार्च २०२१ मध्ये पेटलं, विरारचं त्याच एप्रिलमध्ये. दोन्हीकडे आत कोविडचे रुग्ण होते.

आणि कारखाना असेल तर बंद ठेवण्याइतकाच पुन्हा सुरू करण्याचा दिवस घातक असतो. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनचा वायू सुटला तो लॉकडाउननंतर कारखाना पुन्हा सुरू व्हायच्या बेतात असताना. टाकीतलं रसायन इतके दिवस पडून तापत गेलं होतं. तुमच्याकडे तसली टाकी नसेल, पण बंद पडलेला जनरेटर, पाण्याच्या टाक्या, महिनोन्‌महिने न फिरलेला एसी हे असेलच. लोकांना बोलावण्याआधी चार दिवस हातात ठेवा.

आणखी दोन गोष्टी त्या पानावर घाला. पहिली गेटपास. मार्चच्या त्या आठवड्यात लोक डेस्कटॉप टॅक्सीत घालून घरी घेऊन गेले, गेटपास कोणी केला नाही. वर्षभराने तीन मशीन सापडेनात आणि बोट कोणाकडे गेलं? त्या रात्रीच्या गार्डकडे. गडबड कितीही असो, मशीनचा नंबर, नेणाऱ्याची सही आणि एक फोटो, एवढं झाल्याशिवाय वस्तू गेटबाहेर जाता कामा नये. याच यादीत नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डंही धरा. घरूनच राजीनामा दिलेल्या माणसाचं कार्ड बंद करायचं कोणाला सुचतच नाही.

दुसरी गोष्ट दारं. हवा खेळती हवी म्हणून आणि मुठीला हात लागू नये म्हणून सगळीकडे दारं उघडी टाकली होती. जिन्याच्या फायर डोअरला फायर एक्स्टिंग्विशरचाच टेकू लावलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. ते दार जिन्यात धूर येऊ नये म्हणून असतं. खिडक्या उघडा, एसीत बाहेरची हवा घ्या, पण ते दार बंदच राहू द्या. मुख्य दार उघडं ठेवायचं तर ठरावीक तासच, आणि तिथे माणूस उभा हवा.

‘तो माणूस रात्री झोपतो कुठे’ हेही त्याच पानावर लिहा. का, ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न: साकीनाक्याला माझा पॅकेजिंगचा छोटा गाळा आहे. २०२० च्या जुलैमध्ये पीपीई किट घातलेले तिघे पाठीवर पंप घेऊन आले. ‘पालिकेची फवारणी आहे, दोन तास आत कोणी थांबायचं नाही,’ म्हणाले. कसलासा कागदही दाखवला. वॉचमनने शटर उघडून दिलं. मोटर आणि तांब्याची वायर गेली. मी वॉचमनला त्याच दिवशी काढून टाकलं. आता तुमचं वाचून वाटतं, माझंच काही चुकलं का? यापुढे नियम काय ठेवू?
– एक गाळेधारक, साकीनाका

भाऊ, त्या वॉचमनचा नंबर असेल तर आधी त्याला फोन करा. त्याच्या जागी तुम्ही असता तरी शटर उघडलं असतंत. त्या दिवसांत पालिकेचं नाव घेऊन पांढऱ्या किटमध्ये कोणी आलं की मोठमोठ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी बाजूला व्हायचे. मग सात-आठ हजारांवर काम करणाऱ्या माणसाने त्यांना अडवायचं कोणाच्या जोरावर? ‘नाही म्हण, मी तुझ्या पाठीशी आहे’ असं त्याला कोणी कधी सांगितलं होतं का?

साथीत कुलूप तोडायची गरजच पडत नाही. लोक घाबरलेले असतात, नाहीतर आशेवर असतात, आणि त्या दोन्ही दारांतून आत शिरता येतं. जून २०२० मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने इशारा दिला होता: मुंबईसह काही शहरांतल्या लोकांना ‘मोफत कोविड चाचणी’च्या नावाखाली सरकारी वाटेल अशा पत्त्यावरून खोटे ईमेल येतील. मे २०२१ मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत लसीकरणाचं शिबिर झालं. रहिवाशांनी पैसे मोजून दंडात सुया टोचून घेतल्या आणि मग सर्टिफिकेटांवर भलत्याच हॉस्पिटलांची नावं आल्यावर त्यांना संशय आला. ते शिबिरच बनावट निघालं. ही शिकलेली, जाणती माणसं होती. तुमच्या वॉचमनला एकट्याला दोष देऊ नका.

नियम असा ठेवा. कोणीही सरकारी म्हणून आलं की गेट बंद ठेवूनच बोलायचं. वॉर्ड ऑफिसचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर आपण आधीच भिंतीवर लिहून ठेवायचा आणि खात्री त्याच नंबरवर करायची, त्यांनी दिलेल्या नंबरवर कधीच नाही. किट घातलेलं असलं तरी हातभर लांब उभं राहून तीन सेकंद मास्क खाली करायला सांगायचं आणि ओळखपत्राशी चेहरा ताडून बघायचा. तीन सेकंदांत कोणाचा अपमान होत नाही. आपला माणूस सोबत असल्याशिवाय आत सोडायचं नाही. औषध मारताना तो आत थांबू शकत नसेल तर अर्ध्या उघड्या शटरपाशी उभा राहील. पंप, ड्रम, पिशव्या आत जाताना मोजायच्या आणि बाहेर येताना उघडून बघायच्या. त्या तिघांनी दोन तास मागितले होते, हीच खूण होती. साकीनाक्याच्या गाळ्याला फवारणीचा हात मारायला दहा मिनिटं पुरतात.

हे सगळं त्याला तोंडी सांगू नका. एका कागदावर लिहून, खाली तुमची सही करून गेटवर चिकटवा: ‘खात्री होईपर्यंत गेट न उघडण्याचा अधिकार वॉचमनला आहे.’ उद्या कोणी अधिकारी खराच असला आणि चिडला, तर वॉचमन त्या कागदाकडे बोट दाखवेल.

प्रश्न: मी फोर्टमध्ये नोकरी करते. कोविडच्या काळात गेटवरच्या रजिस्टरमध्ये रोज नाव, मोबाइल, पत्ता आणि तापमान लिहावं लागायचं. काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून मेसेज येऊ लागले. मी कुठल्या रंगाचा ड्रेस घातला होता हेसुद्धा त्यात असायचं. नंबर रजिस्टरमधूनच गेला होता. तक्रार केल्यावर ‘साथीच्या दिवसांत एवढं चालायचंच’ असं उत्तर मिळालं. ती रजिस्टरं अजून रिसेप्शनच्या खालच्या कप्प्यात पडून आहेत. आता काही करता येईल का?
– एक वाचक, फोर्ट

चालायचंच नव्हतं. ज्याने तुम्हाला तसं उत्तर दिलं त्याला त्याचं काम कळलं नव्हतं. माणसाच्या तब्येतीची नोंद ही संवेदनशील माहिती आहे, असं आपल्याकडचे २०११ चे आयटी नियम सांगतात. कायदा बाजूला ठेवला तरी बाईचा नंबर आणि पत्ता येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा उघडा ठेवणं ही सुरक्षेतली चूक आहे, गेट उघडं टाकण्याइतकीच मोठी.

मी हे बोलते आहे कारण माझ्या हातूनही असं घडलं. एप्रिल २०२० मध्ये पॉझिटिव्ह आलेल्या माणसांची यादी आम्ही गेटच्या केबिनमध्ये चिकटवली होती. हेतू एवढाच की त्यांना चुकून आत सोडलं जाऊ नये. कोणीतरी तिचा फोटो काढला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. आमच्या हाउसकीपिंगमधल्या एका बाईच्या चाळीत नळावर तिला पाणी भरू देईनात. मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. ती ‘जाऊ दे मॅडम’ म्हणाली, पण परत कामावर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून गार्डकडे फक्त कार्डाचे नंबर राहिले, ‘आत सोडा’ किंवा ‘थांबवा’ एवढंच. नाव आणि कारण एचआरकडे. पाहुण्यांसाठी प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी आणि कुलूपबंद पेटी. महिन्याने पेटी उघडून सगळं कागद फाडायच्या यंत्रात.

तुम्ही आता दोन गोष्टी करा. ती रजिस्टरं दोन साक्षीदारांसमोर नष्ट करा आणि तशी नोंद मला द्या, असं ऑफिसला लेखी कळवा. पण त्याआधी तुमच्या नोंदींच्या पानांचे फोटो आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ती मुदत तुमच्याबाबतीत टळली असेल, पण मेसेज परत आला तर एक दिवसही थांबू नका, आणि समितीबरोबर पोलिसांकडेही जा. पाठलाग करून मेसेज पाठवणं हा गुन्हा आहे.

प्रश्न: आमच्या दुकानात सॅनिटायझरचे पाच लिटरचे सात-आठ कॅन अजून पडून आहेत. मीटरच्या खोलीत ठेवले तर चालेल ना?
– एक दुकानदार, दादर

नाही. आजच हलवा. त्यात बहुतेक अल्कोहोलच असतं आणि आपल्या मुंबईच्या उकाड्यात त्याची वाफ पेटायला एक ठिणगी पुरते. मीटरच्या खोलीत ठिणगी कधीही पडेल. गरजेपुरता एक कॅन सावलीत, हवेशीर जागी, वायरिंगपासून लांब ठेवा. बाकीचे कॅन ज्याच्याकडून घेतले त्याला परत करता येतात का बघा. गटारात ओतू नका.

प्रश्न: ताई, माझे बाबा ५४ वर्षांचे आहेत, अंधेरीच्या एका टॉवरवर सिक्युरिटीला आहेत. आम्ही दिव्याला राहतो. एप्रिल २०२१ मध्ये अंगात ताप असताना त्यांनी दोन नाइट केल्या, कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी रिलीव्हर आला तेव्हा ते केबिनमध्ये खाली पडलेले होते. वाचले. आता एजन्सी सगळ्या गार्डकडून एका कागदावर सही घेते आहे: ‘साथ किंवा आपत्ती आल्यास आवश्यक तेवढे दिवस कामाच्या ठिकाणी राहीन.’ बाबा म्हणतात, सही करावीच लागेल. मी काय सांगू त्यांना?
– एक मुलगी, दिवा

पोरी, तुझं पत्र मी चारदा वाचलं.

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू होता आणि त्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. आमच्याकडे तीन शिफ्टमध्ये मिळून ४० गार्ड होते, बहुतेक दिवा, कळवा, नालासोपारा, विरारचे. सोमवारी सकाळी हजर किती, तर ११. मंगळवारी केंद्राचा लॉकडाउनचा आदेश आला, त्यात खासगी सुरक्षा सेवेला सूट होती. म्हणजे कामावर यायची परवानगी होती, यायला गाडी नव्हती. १५ जूनला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेच्या ठरावीक लोकांसाठी, आणि त्या यादीत आमच्या गार्डना सुरुवातीला जागाच नव्हती. अकराजण दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रेनिंग रूममध्ये राहिले. बारा-बारा तासांची ड्युटी. पहिले तीन दिवस आंघोळीला जागा नव्हती, पार्किंगमधल्या गाड्या धुवायच्या नळावर अंधार पडल्यावर आंघोळ करायचे. कॅन्टीनचा आचारी गावी निघून गेला होता. मी आणि एक गार्ड मिळून खिचडी टाकायचो. इमारतीत कोट्यवधींचा माल होता, त्याचा विमा होता, त्याच्या प्रत्येक दारावर कॅमेरा होता. तो राखणाऱ्यांकडे अंथरायला पुठ्ठे होते.

त्या अकरांतला एक साताऱ्याकडचा. मे महिन्यात त्याला ताप आला. गेटवर ताप मोजायची बंदूक त्याच्याच हातात होती, तरी त्याने कोणाला सांगितलं नाही. दिवस भरला नाही तर त्या दिवसाचा पगार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि गावी त्याच्या पैशांवर चार माणसं होती. रात्रीच्या पॉइंटवर तो एकटा होता. आम्हाला कळलं तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. बेड मिळवायला आठ तास गेले. तो वाचला नाही. त्याने ताप लपवला असं लोक म्हणाले. मी म्हणते, ताप सांगणं त्याला परवडणार नाही अशी व्यवस्था आम्ही करून ठेवली होती, आणि त्या ‘आम्ही’मध्ये मी होते.

म्हणून बाबांना सांग, कागद नाकारू नका, पण तो अर्धा आहे, तो पुरा करून मागा. ‘आवश्यक तेवढे दिवस’ खोडून आकडा लिहायला सांग. आम्ही पुढे सात दिवस राहणं आणि सात दिवस घर असं ठेवलं होतं. झोपायची खोली कोणती, संडास-बाथरूम कुठलं, जेवण कोण देणार, घरी जाण्यायेण्याला गाडी कोणाची, हे त्यात नावानिशी हवं. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे, तोही. आणि सगळ्यात वर हे हवं: ताप आला आणि कळवलं तर त्या दिवसांचा पगार कापला जाणार नाही. या एका ओळीवर बाकीची सगळी सुरक्षा उभी आहे. ती ओळ नसेल तर गेटवर कितीही यंत्रं लावा, आजारी माणूस गेटच्या आतच बसलेला असेल.

बाबांचा ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, नंबर आहे का, तो आजच बघ. पगारातून पैसे कापले जातात, पण भरले जातात का, हे बहुतेक गार्ड कधी तपासत नाहीत. भरणा नियमित असेल आणि सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांचा झालेला असेल, तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. हे ठाऊक नसल्यामुळे माणसं तापात उभी राहतात. बाबा सरकारी सुरक्षारक्षक मंडळाकडे नोंदलेले आहेत की खासगी एजन्सीचे, तेही विचार. मंडळाचे असतील तर मंडळाच्या कार्यालयात हा कागद दाखवा. एजन्सीचे असतील तर एकट्याने जाऊ नका. त्या टॉवरवरचे सगळे गार्ड मिळून एकच अर्ज करा आणि त्याची प्रत इमारतीच्या मॅनेजरलाही द्या. एकट्याला उद्या ‘येऊ नको’ म्हणता येतं. बाराजणांना म्हटलं तर त्या रात्री गेटवर कोण उभं राहणार, हे मॅनेजरलाही कळतं.

आणि रात्रीच्या पॉइंटवर दर तासाला फोन हवा. कंट्रोल रूममधून किंवा शेजारच्या इमारतीतून, कुठूनही चालेल. दोन वेळा उचलला नाही तर कोणीतरी उठून बघायला जायचं. आमच्याकडे त्या मे महिन्यानंतर हे सुरू झालं. त्याला खर्च काहीच नाही.

सही करायच्या आधी बाबांना एवढंच विचार: रात्री तीन वाजता तुम्हाला ताप चढला तर फोन कोणाला करणार? त्यांनी नाव सांगितलं तर नंबर घे, आणि एकदा खरंच रात्री तीनला लावून बघ. उचलला गेला नाही तर ते नाव कागदावरून खोडून दुसरं मागायचं.